मैदानावरचा डॉक्टर : ऑस्टिओपॅथीतून क्रीडावैद्यकाकडे

शालेय फुटबॉलचा सामना रंगात आलेला असतो. एक खेळाडू डोक्यावर आदळून पडतो, काही क्षणांत उठून उभा राहतो आणि आपण ठीक असल्याचे सांगतो. प्रशिक्षकाला तो मैदानात हवा असतो, प्रेक्षकांनाही हवा असतो. अशा वेळी सीमारेषेबाहेर उभ्या असलेल्या डॉक्टरचा निर्णय त्या मुलाचे पुढील आयुष्य ठरवू शकतो. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात २००६ साली झॅकरी लिस्टेड या १३ वर्षांच्या खेळाडूला डोक्याला मार लागल्यानंतर त्याच सामन्यात पुन्हा उतरवण्यात आले. मेंदूत रक्तस्राव होऊन त्याला कायमचे अपंगत्व आले. २००९ मध्ये त्याच्याच नावाने त्या राज्यात कायदा झाला. मेंदूला धक्का बसल्याचा संशय येताच खेळाडूला बाहेर काढणे आणि प्रशिक्षित वैद्यकीय व्यावसायिकाच्या लेखी परवानगीशिवाय परत न घेणे या कायद्याने बंधनकारक केले. २०१४ पर्यंत अमेरिकेच्या सर्व ५० राज्यांत असे कायदे अस्तित्वात आले.

ही परवानगी देणाऱ्या डॉक्टरांमध्ये नावापुढे 'एम.डी.' ऐवजी 'डी.ओ.' ही आद्याक्षरे लावणारेही असतात. हे ऑस्टिओपॅथिक शाखेचे डॉक्टर होत. त्यांचे प्रशिक्षण व कारकीर्द कशी घडते, याची ही ओळख.

शाखेचा उगम

या शाखेचे जनक डॉ. अँड्र्यू टेलर स्टिल (१८२८-१९१७). १८६४ मध्ये मेंदूच्या आवरणाच्या दाहाने त्यांची तीन मुले दगावली. त्या काळी पारा, अफू, मद्य यांचा औषध म्हणून सर्रास वापर होत असे. या उपचारांवरील त्यांचा विश्वास उडाला. हाडे, स्नायू, सांधे यांच्या रचनेचा शरीराच्या कार्याशी निकटचा संबंध आहे, हा विचार त्यांनी १८७४ पासून मांडला आणि १८९२ मध्ये मिसुरी राज्यातील कर्क्सव्हिल येथे पहिले महाविद्यालय काढले.

प्रस्थापित वैद्यकाने या शाखेला दीर्घकाळ दूर ठेवले. १९६२ मध्ये कॅलिफोर्नियात तर ऑस्टिओपॅथिक डॉक्टरांना अल्प शुल्क घेऊन एम.डी. पदवी बहाल करण्यात आली आणि नव्या डी.ओ. डॉक्टरांना परवाने देणे बंद झाले. तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये हा मार्ग पुन्हा खुला केला. दरम्यान, १९६६ मध्ये अमेरिकी लष्कराचे दरवाजे उघडले आणि १९७३ मध्ये मिसिसिपीच्या रूपाने शेवटच्या राज्यानेही पूर्ण परवाना मान्य केला. आज हे डॉक्टर सर्व राज्यांत औषधे लिहून देऊ शकतात, शस्त्रक्रियाही करू शकतात. देशातील वैद्यकीय विद्यार्थ्यांपैकी सुमारे चौथा हिस्सा आता या शाखेत शिकतो. डोनाल्ड ट्रम्प यांच्या पहिल्या कारकीर्दीतील वैद्य शॉन कॉन्ली आणि जो बायडेन यांचे वैद्य केव्हिन ओकॉनर हे दोघेही डी.ओ. आहेत.

शैक्षणिक पात्रता आणि अभ्यासक्रम

अमेरिकेत बारावीनंतर थेट वैद्यकीय प्रवेश सहसा मिळत नाही. प्रथम चार वर्षांची पदवी घ्यावी लागते. विषय कोणताही असला तरी जीवशास्त्र, भौतिकशास्त्र, सामान्य व सेंद्रिय रसायनशास्त्र प्रयोगशाळेसह पूर्ण करणे आवश्यक असते. त्यानंतर 'एमकॅट' ही प्रवेश परीक्षा. तिचे कमाल गुण ५२८. गुणांखेरीज रुग्णालयातील स्वयंसेवा, डॉक्टरांसोबत राहून केलेले निरीक्षण आणि मुलाखत यांनाही महत्त्व असते. अनेक महाविद्यालये डी.ओ. डॉक्टरचे शिफारसपत्र मागतात किंवा त्याला पसंती देतात.

पुढचा अभ्यासक्रम चार वर्षांचा. पहिली दोन वर्षे शरीररचना, औषधशास्त्र, विकृतिशास्त्र आदी विषयांची आणि पुढील दोन वर्षे रुग्णालयातील कामाची. हे सारे एम.डी. अभ्यासक्रमासारखेच. वेगळेपण आहे ते सुमारे २०० तासांच्या हस्तोपचार प्रशिक्षणात. बोटांनी चाचपून ताठरलेला स्नायू वा अडकलेला सांधा ओळखणे, रुग्णालाच स्नायू आकुंचित करायला लावून सांध्याची हालचाल वाढवणे, दुखऱ्या जागेवरील ताण योग्य स्थिती देऊन सैल करणे अशी तंत्रे विद्यार्थी एकमेकांवर सराव करून शिकतात.

या काळात व नंतर 'कॉमलेक्स' ही तीन टप्प्यांची परवाना परीक्षा द्यावी लागते. पहिला टप्पा २०२२ पासून केवळ उत्तीर्ण-अनुत्तीर्ण स्वरूपाचा आहे. अनेक विद्यार्थी एम.डी. शाखेची 'यूएसएमएलई' परीक्षाही देतात. स्पर्धा तीव्र असलेल्या जागांसाठी तिचा उपयोग होतो.

निवासी प्रशिक्षण व फेलोशिप

पदवीनंतर लगेच क्रीडावैद्यक निवडता येत नाही. आधी एका मूळ शाखेत निवासी डॉक्टर म्हणून काम करावे लागते. कौटुंबिक वैद्यक, अंतर्गत वैद्यक व बालरोग या शाखांना तीन वर्षे लागतात, आपत्कालीन वैद्यकाला तीन ते चार, तर शारीरिक पुनर्वसनाला चार वर्षे. कौटुंबिक वैद्यकातून येणाऱ्यांची संख्या मोठी असते. पूर्वी डी.ओ. डॉक्टरांसाठी वेगळे निवासी अभ्यासक्रम होते. २०१५ ते २०२० या काळात दोन्ही व्यवस्था एकत्र आल्या आणि आता सर्व जण एकाच प्रक्रियेतून जागा मिळवतात.

त्यानंतर एक वर्षाची क्रीडावैद्यक फेलोशिप. सकाळी दवाखाना, संध्याकाळी सराव, आठवड्याच्या अखेरीस सामने असा तिचा क्रम असतो. सांध्यांची सोनोग्राफी, तिच्या आधाराने अचूक जागी इंजेक्शन, हंगामापूर्वीची तपासणी, मॅरेथॉनमधील वैद्यकीय तंबू हे सारे त्यात येते. मूळ शाखेतील रुग्णसेवाही सुरू ठेवावी लागते. शेवटी विशेष पात्रता परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर क्रीडावैद्यकतज्ज्ञ म्हणून प्रमाणपत्र मिळते. बारावीनंतरचा हिशेब मांडल्यास किमान १२ वर्षे होतात.

कामाचे स्वरूप

हा डॉक्टर शल्यविशारद नव्हे. अस्थिरोगतज्ज्ञ होऊन खेळाडूंवर शस्त्रक्रिया करायची असल्यास पाच वर्षांचे वेगळे निवासी प्रशिक्षण घ्यावे लागते. मात्र खेळातील बहुसंख्य दुखापतींना शस्त्रक्रिया लागत नाही, आणि तेथेच या तज्ज्ञाचे क्षेत्र सुरू होते. मुरगळलेला घोटा, अतिसरावाने हाडाला गेलेली बारीक चीर, खेळाडूचा दमा, मधुमेह, आहाराची हेळसांड, हृदयाचे अनियमित ठोके असे रुग्ण त्याच्याकडे येतात. उष्माघात झालेल्या धावपटूला आधी बर्फाच्या पाण्यात थंड करून मगच रुग्णालयात हलवायचे, हा नियम मैदानावर त्यालाच पाळून घ्यावा लागतो. व्यावसायिक संघाची नोकरी मोजक्यांच्याच वाट्याला येते. बहुतेकांचा दिवस दवाखान्यात जातो आणि जवळच्या शाळा-महाविद्यालयांच्या संघांची जबाबदारी ते त्यासोबत सांभाळतात.

हस्तोपचाराची उपयुक्तता तारतम्यानेच पाहावी लागते. कंबरदुखीच्या रुग्णांवरील १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका नावाजलेल्या अभ्यासात हस्तोपचार व नेहमीचे उपचार यांचा गुण सारखाच आढळला. मात्र हस्तोपचार घेणाऱ्यांना औषधे कमी लागली. डोक्याच्या कवटीवरील हस्तोपचारासारख्या काही तंत्रांना मात्र पुराव्याचा भक्कम आधार नाही. अनेक डी.ओ. डॉक्टर प्रत्यक्ष व्यवसायात ही तंत्रे क्वचितच वापरतात. क्रीडावैद्यकात त्यांचा उपयोग तुलनेने अधिक होतो.

विश्वासाचा प्रश्न

रुग्णाच्या अंगाला हात लावणे हाच ज्या उपचाराचा पाया, तेथे विश्वासभंगाचा धोकाही मोठा. अमेरिकेच्या जिम्नॅस्टिक्स संघाचा माजी डॉक्टर लॅरी नासर हा डी.ओ. होता. उपचाराच्या नावाखाली त्याने वर्षानुवर्षे मुलींचे लैंगिक शोषण केले. जानेवारी २०१८ मध्ये दीडशेहून अधिक महिला व मुलींच्या निवेदनांनंतर मिशिगनच्या न्यायालयाने त्याला ४० ते १७५ वर्षांच्या कारावासाची शिक्षा सुनावली. तो जेथे अध्यापन करीत होता त्या मिशिगन स्टेट विद्यापीठाने पीडितांसाठी ५० कोटी डॉलरची तडजोड मान्य केली. उपचारापूर्वी स्पष्ट संमती घेणे आणि अल्पवयीन खेळाडूची तपासणी तिसऱ्या व्यक्तीच्या उपस्थितीत करणे, या गोष्टी केवळ शिष्टाचार नव्हेत, हे या प्रकरणाने सर्वांना शिकवले.

खर्च आणि भारतीय विद्यार्थी

खासगी महाविद्यालयांचे शिक्षणशुल्कच वर्षाला ५० ते ६० हजार डॉलरच्या घरात जाते. पदवी घेताना डोक्यावर दोन लाख डॉलरहून अधिक कर्ज असणे तेथे नवलाचे नाही. अमेरिकी सरकारचे विद्यार्थी कर्ज परदेशी नागरिकांना मिळत नाही. शिवाय बहुतेक महाविद्यालयांना अमेरिका वा कॅनडातील पूर्वशिक्षण हवे असते. त्यामुळे हा मार्ग मुख्यतः तेथे वाढलेल्या भारतीय वंशाच्या मुलांसाठीच सुकर आहे.

भारतात एम.बी.बी.एस. झालेल्या डॉक्टरला डी.ओ. होण्याची गरज नाही. 'यूएसएमएलई' परीक्षा देऊन अमेरिकेत निवासी प्रशिक्षण मिळाल्यास तीच एक वर्षाची फेलोशिप त्यालाही खुली होते. मायदेशी राहू इच्छिणाऱ्यांसाठी एम.बी.बी.एस.नंतर 'नीट-पीजी'द्वारे क्रीडावैद्यकातील तीन वर्षांचा एम.डी. अभ्यासक्रम आहे, जागा मात्र मर्यादित आहेत.

आद्याक्षरांच्या साधर्म्याने फसू नये, हेही महत्त्वाचे. भारतात 'डी.ओ.' म्हणजे नेत्ररोगातील पदविका. ब्रिटनमध्ये ऑस्टिओपॅथ हा १९९३ च्या कायद्याने नियंत्रित असा व्यवसाय आहे. पण तो केवळ हस्तोपचार करणारा, डॉक्टर नव्हे. काही महिन्यांच्या वा आठवड्याच्या अखेरीस चालणाऱ्या ऑस्टिओपॅथी वर्गांचे प्रमाणपत्र मिळाले, म्हणजे अमेरिकी डी.ओ. पदवी मिळाली असे नाही. शुल्क भरण्यापूर्वी विद्यार्थी व पालकांनी एकच प्रश्न विचारावा : या प्रमाणपत्रावर रुग्ण तपासून औषध लिहून देण्याचा परवाना मिळतो का? उत्तर नकारार्थी असेल, तर तो अभ्यासक्रम डॉक्टर घडवणारा नव्हे, एवढे निश्चित समजावे.