सामाईक मुद्रक

सामाईक मुद्रक : संगणक-जालातील अनेक संगणकांना, त्यांच्या परिचालन प्रणाली भिन्न असल्या तरी, आळीपाळीने वापरता येणारा मुद्रक म्हणजे प्रिंटर. संगणकाची सर्व अंगे चालविणाऱ्या मूळ आज्ञावलीस परिचालन प्रणाली म्हणतात. विंडोज, युनिक्स, लिनक्स व मॅकओएस ही तिची परिचित उदाहरणे होत. सामाईक विहिरीच्या पाण्याची पाळी ठरवावी लागते, त्याप्रमाणे सामाईक मुद्रकाकडे येणारी कामे रांगेत लावावी लागतात. मात्र मुद्रकाच्या बाबतीत पाळीखेरीज भाषेचाही प्रश्न असतो : प्रत्येक प्रणालीचे म्हणणे मुद्रकाला समजले पाहिजे. या प्रश्नाची क्रमाक्रमाने झालेली उकल हाच सामाईक मुद्रकाचा इतिहास होय. मराठीत त्यात लिपीच्या प्रश्नाची भर पडली.

आरंभ : झेरॉक्स कंपनीच्या पालो अल्टो (कॅलिफोर्निया) येथील संशोधन केंद्रात गॅरी स्टार्कवेदर यांनी १९७१ मध्ये लेसर मुद्रक सिद्ध केला. त्याच केंद्रात १९७३ मध्ये ईथरनेट या जालाची कल्पना मांडली गेली आणि ऑल्टो नावाचे अनेक संगणक त्या जालाद्वारे एकाच लेसर मुद्रकाशी जोडण्यात आले. मुद्रक महाग व वापरणारे अनेक, हे सहभाजनाचे मूळ कारण होते. मुद्रकाच्या मालकी आज्ञावलीचा जाचही लवकरच जाणवू लागला. मॅसॅचूसेट्स तंत्रविद्या संस्थेत १९८० च्या सुमारास आलेल्या झेरॉक्स मुद्रकाची मूळ आज्ञावली उपलब्ध नव्हती. त्यामुळे कागद अडकल्याची सूचना जालावरील सर्वांना देण्याची सोय रिचर्ड स्टॉलमन यांना करता आली नाही. ग्नू या मुक्त आज्ञावली प्रकल्पाची त्यांनी १९८३ मध्ये घोषणा केली, तिच्या पाठीशी हाही अनुभव होता.

भिन्न नियमांचा काळ : १९८० नंतरच्या दशकात प्रत्येक उत्पादकाने स्वतःची वाट चोखाळली. बर्कली येथील युनिक्सच्या १९८३ च्या आवृत्तीत एलपीडी ही मुद्रणसेवा होती. तिचे नियम १९९० मध्ये लेखी स्वरूपात प्रसिद्ध झाले. आयबीएममध्ये बॅरी फायगेनबॉम यांनी फायली व मुद्रक यांच्या सहभाजनासाठी एसएमबी हा नियमसंच रचला व पुढे मायक्रोसॉफ्टने तो आपल्या प्रणालींत स्वीकारला. ॲपलचा लेझररायटर (१९८५) त्या कंपनीच्या स्वतंत्र जालावर चाले. अशा प्रकारे एकाच खोलीतील दोन संगणक एकाच मुद्रकाशी दोन निरनिराळ्या रीतींनी बोलत.

पानाचे वर्णन करणाऱ्या भाषांचीही हीच स्थिती होती. ह्यूलेट-पॅकार्डने १९८४ च्या लेझरजेटमध्ये पीसीएल ही भाषा वापरली, तर त्याच वर्षी अडोबीने पोस्टस्क्रिप्ट ही भाषा पुढे आणली. संगणकातील मजकूर मुद्रकाच्या भाषेत उतरवून देणाऱ्या दुभाषी आज्ञावलीस ड्रायव्हर म्हणतात. प्रत्येक मुद्रकासाठी व प्रत्येक प्रणालीसाठी वेगळा ड्रायव्हर लागे. तो नसल्यास मुद्रक चालू असूनही निरुपयोगी ठरे.

समन्वय : ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीतील अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९२ च्या सुमारास एसएमबीच्या संदेशांचे निरीक्षण करून सांबा या आज्ञावलीचा पाया घातला. तिच्यामुळे युनिक्स अथवा लिनक्सवर चालणारा संगणक विंडोजच्या संगणकांना मुद्रणसेवा देऊ लागला. यापुढचा टप्पा म्हणजे कोणत्याही एका कंपनीच्या मालकीचा नसलेला आयपीपी हा नियमसंच. त्याची पहिली आवृत्ती १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी मायकेल स्वीट यांची कप्स ही मुद्रणव्यवस्था उपलब्ध झाली. तिचा आधार आयपीपी हाच होता. ॲपलने २००२ मध्ये ती आपल्या प्रणालीत घेतली. लिनक्सवरही ती रूढ झाली. २०१० मध्ये आलेल्या एअरप्रिंटपासून मुद्रक स्वतःच आपले गुणधर्म जालावर जाहीर करू लागले व वेगळ्या ड्रायव्हरची गरज ओसरू लागली.

कार्यपद्धती : मुद्रक सामाईक करण्याच्या तीन रीती आहेत. पहिलीत मुद्रक एका संगणकास जोडून तो इतरांना खुला केला जातो. ही रीत स्वस्त असली, तरी तो संगणक बंद पडताच सर्वांचे मुद्रण थांबते. दुसरीत रांग सांभाळण्यासाठी स्वतंत्र सेवा-संगणक असतो. तिसरीत मुद्रक स्वतःच जालास जोडला जातो. तिन्हींत मुद्रकास किंवा सेवा-संगणकास जालावरील स्थिर पत्ता, सुटसुटीत नाव आणि कोणी मुद्रण करावे याची परवानगी या गोष्टी प्रथम ठरवाव्या लागतात. दुभाष्याचे काम एकाच ठिकाणी होणे महत्त्वाचे असते. ग्राहक संगणकाने मुद्रकाच्या भाषेत रूपांतर करून पाठविलेले काम सेवा-संगणकाने पुन्हा रूपांतरित केल्यास पानावर निरर्थक चिन्हे उमटतात. असे काम सेवा-संगणकाने जसेच्या तसे पुढे पाठवावे लागते.

देवनागरीचा प्रश्न : जुन्या मुद्रकांच्या स्मृतीत रोमन अक्षरांचे साचे असत, देवनागरी बहुधा ठिपक्यांचे चित्र म्हणून छापावी लागे व त्यास वेळ लागे. भारतीय लिप्यांसाठी जिस्ट तंत्राचे काम कानपूर येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत सुरू झाले व पुढे पुण्याच्या सी-डॅक या १९८८ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेत ते वाढले. लिपीचे इस्की हे संकेतन १९९१ मध्ये भारतीय मानक (आयएस १३१९४) ठरले. तथापि विंडोजच्या प्रसाराबरोबर रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसविलेले अनेक फाँट रूढ झाले. त्यांची मांडणी परस्परांशी जुळत नसे. ज्या संगणकावर तो फाँट नसे, तेथे मराठी मजकुराच्या जागी असंबद्ध रोमन अक्षरे दिसत आणि तशीच छापली जात.

युनिकोडने (पहिली आवृत्ती १९९१) देवनागरीस जागतिक संकेतन दिले. त्यातील देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावर आधारलेली आहे. विंडोज २००० पासून मंगल हा युनिकोड फाँट त्या प्रणालीसोबत येऊ लागला. संकेतन एक झाले तरी अक्षरजुळणीचे काम उरतेच. ‘चिखली’ या नावातील पहिली वेलांटी साठविताना ‘च’नंतर येते, कागदावर मात्र ती त्याच्या आधी काढावी लागते. हे काम पाठविणाऱ्या संगणकाने पूर्ण करून तयार पान धाडले, तर मुद्रकाला मराठी येण्याची गरज राहत नाही. केवळ संकेत धाडले, तर वेलांटी व जोडाक्षरे विस्कटतात.

बुलढाणा जिल्ह्याचा संदर्भ : या प्रश्नाचे सामाजिक महत्त्व जिल्हा व तालुका पातळीवर स्पष्ट होते. अमरावती विभागातील बुलढाणा जिल्ह्यात १३ तालुके असून ते सातपुड्याच्या पायथ्याच्या संग्रामपूर व जळगाव जामोदपासून दक्षिणेकडील लोणारपर्यंत पसरलेले आहेत. कापूस व सोयाबीन पिकविणाऱ्या या जिल्ह्यात खरिपाच्या तोंडावर पीककर्जासाठी सातबाऱ्याचा उतारा लागतो. कार्यालयातील मुद्रक एका संगणकाचे ऐकतो व दुसऱ्याचे ऐकत नाही, याचा अर्थ शेतकऱ्याला आणखी एक खेप आणि आणखी एक दिवसाची मजुरी असा होतो. उताऱ्यावरील नावात एक वेलांटी चुकली, तर पुढे दुरुस्तीचा अर्ज करावा लागतो. सरकारी वापरासाठी सी-डॅकने २००७ मध्ये बॉस ही लिनक्सवर आधारित भारतीय प्रणाली प्रसृत केली. विंडोज व अशी प्रणाली शेजारी-शेजारी असलेल्या कार्यालयात दोहोंना समजणारी मुद्रणसेवा ही चैन नव्हे, नित्याची गरज ठरते.

महाराष्ट्र शासनाने १ मे २०१८ रोजी डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उपलब्ध केला. हा उतारा पीडीएफ स्वरूपात मिळतो. पीडीएफमध्ये (१९९३, आंतरराष्ट्रीय मानक २००८) फाँट पानासोबतच नेता येतात व अक्षरजुळणी आधीच झालेली असते. त्यामुळे तेच पान कोणत्याही प्रणालीवरून, कोणत्याही गावातील मुद्रकावर सारखेच उमटू शकते.

मर्यादा : मुद्रक अनेकांना खुला करणे म्हणजे जालाचे एक दार उघडणे होय. विंडोजच्या मुद्रणरांगेतील एक गंभीर दोष जुलै २०२१ मध्ये उघडकीस आला. त्यावरील तातडीच्या दुरुस्त्यांमुळे अनेक ठिकाणी सुरळीत चाललेले सामाईक मुद्रण काही काळ अडले. म्हणून परवानगी आवश्यक तेवढ्यांनाच देणे व आज्ञावली अद्ययावत ठेवणे इष्ट असते. केवळ एकाच कंपनीच्या सेवेवर विसंबणेही धोक्याचे असते. गूगलची क्लाउड प्रिंट ही सेवा २०२० च्या अखेरीस बंद झाली. याउलट लेखी व सर्वांना खुले असलेले नियम कोणा एका उत्पादकाच्या निर्णयाने नाहीसे होत नाहीत; सामाईक मुद्रकाची खरी भिस्त त्यांच्यावरच आहे.