लिहिता येते, पण ऐनवेळी बोलता का येत नाही?

लेखी परीक्षेत उत्तम गुण मिळवणारी मुलगी तोंडी परीक्षेत गप्प होते. मुद्देसूद ई-मेल लिहिणारा माणूस बैठकीत अचानक प्रश्न आला की अडखळतो. घरचे म्हणतात, 'अभ्यास कच्चा असेल.' पण ही अडचण बहुधा ज्ञानाची किंवा बुद्धीची नसते, वेळेची असते.

असे का होते?

लिहिताना थांबता येते, शब्द खोडून दुसरा घालता येतो. बोलताना ही सवलत नसते. गप्पांमध्ये एकाचे बोलणे संपल्यावर दुसऱ्याचे सुरू होईपर्यंत सरासरी सेकंदाचा पाचवा भागच जातो. म्हणजे समोरच्याचे ऐकत असतानाच मेंदूला उत्तर ठरवायचे असते आणि त्यासाठी शब्दही शोधायचे असतात. त्यात 'लोक काय म्हणतील' ही धास्ती असली, की लक्ष तिकडे वळते आणि माहीत असलेला शब्दही आठवत नाही.

पुढील गोष्टींमुळे त्रास वाढू शकतो:

• अपुरी झोप, थकवा, मानसिक ताण
• बोलण्याचा सराव नसलेली भाषा, उदा. इंग्रजीतून मुलाखत
• तोतरेपणा: शब्द आठवतो, पण उच्चार अडतो. हा बहुधा २ ते ५ वर्षे वयात सुरू होतो.
• लोकांसमोर बोलण्याची तीव्र भीती (सोशल अँक्झायटी)
• काही औषधे, उदा. मायग्रेन व फिट्ससाठीचे टोपिरामेट. औषध स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना सांगा.

काय करावे?

• सराव मोठ्याने करा. रोज एका विषयावर, आधी न लिहिता, एक मिनिट बोला. फोनवर रेकॉर्ड करून ऐका.
• भाषण पाठ करू नका. एक शब्द विसरला की पुढचे सारे कोलमडते. तीन मुद्दे लक्षात ठेवा.
• आधी उत्तर एका वाक्यात द्या, मग कारण सांगा.
• 'एक क्षण द्या, विचार करून सांगतो,' असे म्हणायला हरकत नाही.
• डॉक्टरांकडे जाताना तक्रारी कागदावर लिहून न्या. तो कागद दाखवण्यात संकोच बाळगू नका.

घरच्यांनी मध्येच वाक्य पूर्ण करू नये, 'लवकर बोल' म्हणू नये आणि चारचौघांत चेष्टा करू नये.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

ताबडतोब: बोलणे अचानक बोबडे झाले, शब्द सुचेनासे झाले, तोंड वाकडे झाले किंवा एक हात लुळा पडला, तर तो पक्षाघात असू शकतो. १०८ वर फोन करा. रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते. लक्षणे थोड्या वेळाने गेली, तरी त्याच दिवशी रुग्णालयात जा.

लवकरच: पूर्वी नीट बोलणाऱ्या व्यक्तीला काही महिन्यांत रोजच्या वस्तूंची नावे आठवेनाशी झाली, तर मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा.

सवडीने, पण नक्की: तोतरेपणासाठी स्पीच थेरपिस्टकडे जा. मुंबईत वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेतही वाचादोषांवर उपचार होतात. भीतीमुळे मुलाखती, वर्ग किंवा समारंभ टाळले जात असतील, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. समुपदेशन आणि विचार-वर्तन उपचाराने (सीबीटी) ही भीती बरीच कमी होऊ शकते.