मेजाच्या टोकाचा माणूस

कचेरीच्या सभाकक्षासाठी एक कॅमेरा विकत घ्यावयाचा, ही काही इतिहासाच्या अभ्यासकाने दखल घ्यावी अशी घटना नव्हे. दरपत्रके मागवावीत, तुलनात्मक तक्ता तयार करावा, सर्वांत कमी दरावर खूण करावी आणि नस्ती पुढे पाठवावी, एवढेच ते काम. मलाही ते एवढेच वाटत होते. परंतु काही वर्षांपूर्वी दूरदृश्य प्रणालीवरून झालेल्या एका बैठकीने माझा हा समज दूर केला. अध्यक्ष राजधानीत होते आणि मी त्यांच्या शेजारी होतो. समोरच्या पडद्यावर एका विभागीय कार्यालयातील लांबच लांब मेज दिसत होते. त्या मेजाच्या शेवटच्या खुर्चीवर एक कनिष्ठ अधिकारी बाई बसल्या होत्या. ज्या गावांविषयी निर्णय व्हावयाचा होता, त्या गावी प्रत्यक्ष जाऊन आलेल्या त्या एकट्याच. आकड्यांत चूक आहे हे सांगण्यासाठी त्यांनी दोन वेळा हात वर केला. आमच्या पडद्यावर त्या नखाएवढ्या दिसत होत्या. तो हात कोणाच्याच दृष्टीस पडला नाही. निर्णय झाला, आदेश निघाले, आणि दोन महिन्यांनी तेच आदेश दुरुस्त करून पुन्हा काढावे लागले.

तेव्हापासून मला असे वाटू लागले की, कोणता कॅमेरा घ्यावा हा प्रश्न मुळात यंत्राचा नसून कोणाला पाहावयाचे याचा आहे. दूरच्या माणसाला डोळ्यांपुढे आणण्याच्या खटपटीचा इतिहास जवळजवळ शंभर वर्षांचा आहे. तो पाहिला तर हीच गोष्ट पुन्हापुन्हा प्रत्ययास येते.

7 एप्रिल 1927 रोजी अमेरिकेचे तत्कालीन व्यापारमंत्री हर्बर्ट हूव्हर हे वॉशिंग्टन येथे एका यंत्रापुढे बसले आणि 300 किलोमीटरांहून अधिक अंतरावरील न्यूयॉर्कमध्ये जमलेल्या मंडळींनी त्यांना बोलताना पाहिले. बेल प्रयोगशाळेने घडवून आणलेल्या या प्रयोगातील चित्र अवघ्या 50 रेषांचे होते. तथापि त्या 50 रेषांचा बराचसा भाग एकाच चेहऱ्याने व्यापलेला असल्यामुळे तो चेहरा ओळखू येत होता. दुसरी गोष्ट अशी की, न्यूयॉर्कची मंडळी हूव्हरांना पाहत होती. हूव्हरांना मात्र त्यांपैकी कोणीही दिसत नव्हते. दोन्ही बाजूंनी एकमेकांस पाहता येण्याची सोय त्याच प्रयोगशाळेने 1930 मध्ये, न्यूयॉर्क शहरातीलच दोन इमारतींच्या दरम्यान करून दाखविली. 1936 मध्ये जर्मनीच्या टपाल खात्याने बर्लिन आणि लाइपझिग या शहरांमध्ये अशी सेवा सर्वसामान्य लोकांसाठी सुरू केली. महायुद्धाच्या काळात ती बंद पडली.

युद्धोत्तर काळात अमेरिकेतील दूरध्वनी कंपनीने 'पिक्चरफोन' नावाचे यंत्र मोठ्या उमेदीने पुढे आणले. 1964 मधील न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात लोकांनी ते कुतूहलाने हाताळले. 1970 मध्ये पिट्सबर्ग शहरात त्याची व्यापारी सेवा सुरू झाली, तेव्हा एका यंत्राचे मासिक भाडे 160 डॉलर होते. ग्राहक मात्र काही शेकड्यांपलीकडे गेले नाहीत. भाडे जबर होते, हे एक कारण. ज्याच्याशी बोलावयाचे त्याच्याकडेही तसलेच यंत्र हवे, हे दुसरे. आणि प्रत्येक संभाषणात आपण दिसावे असे माणसाला वाटतेच असे नाही, हे तिसरे. ब्रिटिश टपाल खात्याने 1971 मध्ये निराळा मार्ग धरला. लंडनसह पाच शहरांत त्याने 'कॉन्फ्राव्हिजन' नावाची सभागृहे उभारली. दोन शहरांतील मंडळींनी आपापल्या सभागृहात जाऊन बैठक घ्यावी, अशी ती योजना. तीही फारशी रुजली नाही. पिक्चरफोन एकाच चेहऱ्यापुरता होता, आणि सभेसाठी नेहमीची कचेरी सोडून दुसरीकडे जावे लागत होते.

मग चेहरा दिसण्याची गरज तरी केव्हा असते? याचे उत्तर लंडन विद्यापीठातील जॉन शॉर्ट, एडरिन विल्यम्स आणि ब्रूस ख्रिस्टी या संशोधकांनी 1976 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सापडते. माहितीची देवाणघेवाण किंवा साधा हिशेब करावयाचा असेल तर नुसत्या आवाजाने काम भागते. परंतु जेथे मतभेद आहेत, मन वळवावयाचे आहे, किंवा अनोळखी माणसाची पारख करावयाची आहे, तेथे तो माणूस दिसतो की नाही याने फरक पडतो, असा त्यांच्या प्रयोगांचा निष्कर्ष होता. शासकीय बैठकांतील अनुभव याहून निराळा नाही. होकार आवाजातून कळतो. नापसंती मात्र पुष्कळदा चेहऱ्यावरच राहते.

आपल्या देशात या गोष्टीचा आरंभ एकतर्फी झाला. 1975-76 मध्ये 'साइट' या प्रयोगातून उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे 2400 खेड्यांत दूरचित्रवाणी पोहोचली. खेड्याने दिल्ली पाहिली. दिल्लीने खेडे पाहिले नाही. पुढे 1996 मध्ये मध्य प्रदेशातील झाबुआ जिल्ह्यात 'इस्रो'ने जी योजना राबविली, तीत चित्र एका बाजूने जाई आणि आवाज दोन्ही बाजूंनी. गावकऱ्याला प्रश्न विचारण्याची सोय झाली, हे पाऊल लहान नव्हते. पण विचारणारा अद्यापि दिसत नव्हता.

दिसणे म्हणजेच हजर असणे काय, हा प्रश्न देशाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आला तो मुंबईतील एका खटल्यामुळे. उपचारांतील निष्काळजीपणाचा आरोप असलेल्या त्या खटल्यात न्यूयॉर्कच्या एका कर्करोगतज्ज्ञाची साक्ष घ्यावयाची होती. कायदा सांगत होता की, पुरावा आरोपीच्या उपस्थितीत नोंदविला पाहिजे. दंडाधिकाऱ्यांनी दूरदृश्य प्रणालीने साक्ष घेण्यास परवानगी दिली, ती उच्च न्यायालयाने रद्द केली, आणि 1 एप्रिल 2003 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की उपस्थिती म्हणजे शारीरिक उपस्थितीच असली पाहिजे असे नाही. साक्षीदाराला पाहता यावे, ऐकता यावे आणि त्याची उलटतपासणी घेता यावी, हे महत्त्वाचे. 1 जुलै 2024 पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने तर या पद्धतीला थेट कायद्याच्या शब्दांतच स्थान दिले. मधल्या काळात, 2020 मधील महामारीने न्यायालयांपासून ग्रामपंचायतींपर्यंत सर्वांनाच पडद्यापुढे बसविले होते. पडद्यावरील माणूस 'हजर' मानला जाऊ लागला, म्हणजे तो नीट दिसावा ही जबाबदारीही आपल्यावर आली.

श्रोतेहो, आता थोडे गणित केले पाहिजे. बाजारात आज ज्यांची अधिक वाखाणणी होते, त्या कॅमेऱ्यांचे भिंग 120 अंशांचा आवाका घेते. 'सारी खोली एका चित्रात' अशी त्यांची जाहिरात असते. असे भिंग सहा मीटर अंतरावर सुमारे 20.8 मीटर रुंदीचा पट्टा टिपते. चित्राच्या रुंदीत 1920 बिंदू असतील, तर त्या अंतरावर एका मीटरला सुमारे 92 बिंदू येतात. माणसाचा चेहरा 22 सेंटिमीटर उंचीचा धरला, तर मेजाच्या टोकाला बसलेल्याच्या वाट्यास अवघे 20 बिंदू! रुंदीत दुप्पट बिंदू असलेला, म्हणजे '4के' कॅमेरा घेतला तरी 40. हूव्हर यांच्या चित्राला 1927 मध्ये 50 रेषा होत्या. जवळजवळ शंभर वर्षांच्या प्रगतीनंतर त्या अधिकारी बाईंच्या चेहऱ्याला तेवढ्याही मिळत नव्हत्या.

तेच भिंग 60 अंशांचे घेतले तर त्याच अंतरावर, त्याच 1920 बिंदूंत, चेहऱ्यास सुमारे 61 बिंदू मिळतात. पण मग कॅमेऱ्याजवळच्या खुर्च्या चौकटीबाहेर जातात. म्हणून लांब खोलीस एकतर वळणारा आणि भिंगाच्या साहाय्याने दृश्य जवळ आणणारा कॅमेरा हवा, किंवा दोन कॅमेरे हवेत. चित्र नुसते ताणून मोठे करणारी सोय निराळी. तीत बिंदू वाढत नाहीत, फक्त फुगतात. बोलणाऱ्याकडे आपोआप वळणारी यंत्रेही आता मिळतात. ती सोयीची आहेत, परंतु आवाजाचा माग काढणारे यंत्र न बोलता वर केलेल्या हाताकडे वळत नाही. कॅमेरा कोठे बसवावा यालाही महत्त्व आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातील मिल्टन चेन यांनी 2002 मध्ये दाखवून दिले की, बोलणाऱ्याची नजर कॅमेऱ्याच्या किंचित खाली, सुमारे पाच अंशांच्या आत असेल, तर समोरच्याला तो आपल्याकडेच पाहतो असे वाटते. तीन मीटरांवर हे अंतर सुमारे 26 सेंटिमीटर होते. तेव्हा कॅमेरा पडद्याच्या वरच्या कडेला अगदी लागून बसवावा. छताजवळ टांगू नये.

आमच्या कार्यालयात पुढे नवी खरेदी निघाली, तेव्हा निविदेच्या अटींत आम्ही एक साधी अट घातली: सर्वांत दूरच्या खुर्चीवरील व्यक्तीचा चेहरा पलीकडच्या पडद्यावर ओळखू आला पाहिजे, आणि हे प्रत्यक्ष खोलीत दाखवून द्यावे. प्रात्यक्षिकाच्या दिवशी मोजपट्टी आणली, खिडकीकडे पाठ होणाऱ्या खुर्च्या हलविल्या, आणि कार्यालयातील एका शिपायास शेवटच्या खुर्चीवर बसविले. दराने सर्वांत खालचा कॅमेरा या अटीत बसला नाही. ज्या पुरवठादारांचे कॅमेरे बसले, त्यांच्यातील सर्वांत कमी दर आम्ही स्वीकारला. नियम कोठेही मोडला नाही. मात्र अट लिहिताना आमच्या नजरेसमोर यंत्र नव्हते, ती शेवटची खुर्ची होती.

याने सारे प्रश्न सुटतात असे मी म्हणणार नाही. चेहरा दिसत असूनही त्याच्याकडे न पाहणारे अध्यक्ष मी पाहिले आहेत, आणि त्यावर कोणत्याही बाजारात उपाय मिळत नाही. परंतु न दिसल्याची सबब तरी आता उरू नये. पुढच्या वेळी आपल्या कार्यालयात अशी खरेदी निघेल तेव्हा जाहिरातीतील आकडे वाचण्यापूर्वी मेजाच्या टोकाच्या खुर्चीवर जाऊन पाच मिनिटे बसून पाहा, एवढीच माझी विनंती आहे.