जर्मनी : व्हिसाविना प्रवेशाचे नियम

जर्मनीत पर्यटनासाठी व्हिसा लागेल की नाही, हे मुख्यतः पासपोर्टवरून ठरते. अमेरिकेतील मराठी कुटुंबात मुलांकडे अमेरिकी पासपोर्ट असल्यास त्यांना व्हिसा लागत नाही. भारतीय पासपोर्ट असलेल्या आई-वडिलांना वा आजी-आजोबांना मात्र शेंगेन व्हिसा आवश्यक असतो. ग्रीन कार्ड त्याला पर्याय ठरत नाही. याउलट, नेदरलँड्ससारख्या शेंगेन देशाचा वैध निवास परवाना असलेल्या भारतीयांना अल्पकाळासाठी व्हिसाविना येता येते.

व्हिसामुक्त वास्तव्याची मर्यादा कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस अशी आहे. पॅरिस वा रोममधील मुक्काम, तसेच आगमन आणि प्रस्थानाचे दिवसही त्यात मोजले जातात. पासपोर्ट गेल्या १० वर्षांत काढलेला आणि शेंगेन क्षेत्र सोडण्याच्या तारखेनंतर किमान ३ महिने वैध असावा. सीमेवर परतीचे तिकीट, निवासाची माहिती व पुरेशा पैशांचा पुरावा मागितला जाऊ शकतो.

१२ ऑक्टोबर २०२५पासून टप्प्याटप्प्याने पासपोर्टवरील शिक्क्यांची जागा संगणकीय नोंदीने घेतली. तीत छायाचित्र आणि बोटांचे ठसे घेतले जातात. १२ वर्षांखालील मुलांना ठशांतून सूट आहे. दिवसांची मोजणी आता यंत्रणाच करते. त्यामुळे तिकीट काढण्यापूर्वी मागील १८० दिवसांचा हिशेब मांडावा.