कोल्हापूर प्रकरण आणि सरकारी मौन

सरकारच्या ताब्यातील नभोवाणीवर कोणाचा आवाज ऐकू यावा, हा वाद आपल्या देशाला नवा नाही. १९७५ च्या आणीबाणीत विरोधकांचे म्हणणे आकाशवाणीवरून जवळजवळ नाहीसे झाले. १९७६ मध्ये तर सरकारी प्रचारास साथ न दिल्यामुळे किशोरकुमार यांची गाणीदेखील बंद करण्यात आली. सरकारी वार्ता एकसुरी झाली की लोक कानगोष्टींवर भिस्त ठेवू लागतात. नभोवाणीचे नावही कोणास ठाऊक नव्हते, त्या काळी कोल्हापुरात नेमके हेच घडले होते.

राजाराम महाराज १८७० मध्ये युरोपच्या प्रवासात असता फ्लॉरेन्स येथे निवर्तले. पुढील वर्षी दत्तक घेतलेले चौथे शिवाजी महाराज त्या वेळी जेमतेम आठ वर्षांचे होते. ते वयात येऊ लागले तो त्यांना वेड लागले आहे, असे अधिकाऱ्यांकडून सांगण्यात येऊ लागले. देखरेखीस गोरे पहारेकरी आले. कारभार दिवाण रावबहादूर माधवराव बर्वे यांच्या हाती होता. महाराज मुळातच भ्रमिष्ट होते की छळाने तसे झाले, हे जाणण्यास रयतेला मार्गच नव्हता. ज्यांच्याविषयी सर्व बोलत होते, त्यांचा स्वतःचा शब्द तेवढा वाड्याबाहेर पडत नव्हता!

पुण्यात १८८१ च्या आरंभी ‘केसरी’ आणि ‘मराठा’ ही पत्रे निघाली. टिळक आणि आगरकर दोघेही पंचविशीच्या आसपासचे. त्यांनी महाराजांचा कैवार घेतला. पुढे बर्व्यांची म्हणून काही पत्रे त्यांच्यापुढे आली. त्यांतून महाराजांविरुद्धचे कारस्थान सूचित होत होते. संपादकांनी ती खरी मानली. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली आणि पत्रे बनावट ठरली. संपादकांनी माफी मागितली. तरीही १७ जुलै १८८२ रोजी प्रत्येकी चार महिन्यांच्या साध्या कैदेची शिक्षा झाली.

माझ्या मते येथे संपादकांची चूक झाकण्याचे कारण नाही. ज्याच्यावर बालंट आले, तो बर्वेही माणूसच होता, आणि हेतू शुद्ध असल्याने खोटा कागद अस्सल होत नाही. परंतु असा कागद इतक्या सहज खरा वाटावा, अशी हवा कोणी निर्माण केली? महाराजांची निःपक्ष वैद्यकीय तपासणी करून तिचा वृत्तान्त वेळीच उघड केला असता, तर बनावट पत्रांना गिऱ्हाईक मिळते ना.

खटल्यात टिळकांना जामीन हवा होता, तेव्हा जोतीराव फुले यांच्या सांगण्यावरून रामशेठ उरवणे यांनी १०,००० रुपयांची हमी दिली. फुल्यांचे या मंडळींशी मतभेद काही थोडे नव्हते. म्हणून ही गोष्ट मला विशेष वाटते. शिक्षेत थोडी सूट मिळून दोघे २६ ऑक्टोबर १८८२ रोजी सुटले. डोंगरीच्या तुरुंगातील या १०१ दिवसांवर आगरकरांनी पुढे पुस्तकच लिहिले.

महाराज मात्र सुटले नाहीत. त्यांना अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवण्यात आले. तेथे २५ डिसेंबर १८८३ रोजी ग्रीन नावाच्या गोऱ्या पहारेकऱ्याशी झालेल्या झटापटीनंतर त्यांचा अंत झाला. प्लीहा फुटल्याने मृत्यू आला, असे सरकारतर्फे सांगण्यात आले. या खुलाशावर विश्वास ठेवण्यास पुष्कळ लोक तयार नव्हते.