मूळ सर्पगंधेचें, कूळ चित्तविकाराचें

आमच्या सटाण्याकडे सोयरीक जुळवितांना शिक्षण, शेतीवाडी हें सारें विचारून झालें म्हणजे एक प्रश्न हलक्या आवाजांत येतो : ‘घराण्यांत कोणाला वेड तर नव्हतें ना?’ प्रश्न क्रूर आहे. परंतु सर्वस्वी निराधार नाहीं. छिन्नमनस्कता, जिला डॉक्टर स्किझोफ्रेनिया म्हणतात, ती कुळांत कितपत उतरते याच्या शोधाचा एक धागा आपल्याच देशांतील एका मुळीपासून निघतो.

ती मुळी सर्पगंधेची. वेडावर आपले वैद्य ती पिढ्यान् पिढ्या देत आले. १९३१ सालीं कलकत्त्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनीं वेड व रक्तदाब या दोहोंवर तिचा गुण येतो असें प्रसिद्ध केलें. पश्चिमेनें तिकडे फारसें लक्ष दिलें नाहीं. तें वेधलें मुंबईच्या डॉ. रुस्तुम जाल वकील यांनीं. रक्तदाबावरील त्यांचा निबंध १९४९ सालीं ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्यें आला. १९५२ सालीं स्वित्झर्लंडांतील सीबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनीं मुळींतून रेसर्पीन हें द्रव्य वेगळें काढलें, आणि १९५४ सालीं न्यूयॉर्कच्या डॉ. नेथन क्लाइन यांनीं मनोरुग्णांवरील त्याचे अनुभव प्रसिद्ध केले. १९५७ सालीं लास्कर पारितोषिकाच्या मानकऱ्यांत वकील व क्लाइन हे दोघेहि होते.

पण रेसर्पीन शांत करतें तें कसें? १९५७ सालींच स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनीं दाखविलें कीं, रेसर्पीननें निपचित पडलेले ससे डोपा हें द्रव्य टोंचतांच हिंडूंफिरूं लागतात. उलगडा पुढें झाला. मज्जातंतूंच्या टोकांशीं डोपामीन, सेरोटोनिन अशीं निरोप्या द्रव्यें सूक्ष्म पिशव्यांत सांठविलेलीं असतात, आणि तीं आंत भरण्याचें काम एक प्रथिन करतें. रेसर्पीन या हमालाचे हातच बांधतें. हमाल बसून राहिले तर कांदा आवारांतच नासावा, तसें तें द्रव्य बाहेर नष्ट होतें आणि पिशव्या रित्या राहतात.

हा हमाल दोन जातींचा असून, एकाचें जनुक आठव्या गुणसूत्रावर आहे, दुसऱ्याचें दहाव्यावर. जनुकाच्या लेखांत एखादें अक्षर बदललें तर हमालाची चालहि बदलूं शकते. आठव्या गुणसूत्रावरील जनुकांतील अशा पाठभेदाचा छिन्नमनस्कतेशीं संबंध असल्याचें २००५ सालीं एका अभ्यासांत आढळलें; नंतरच्या अभ्यासांचे निकाल मात्र एकसारखे आले नाहींत. एकाच जनुकावर सारा दोष ठेवण्याची घाई मला तरी पटत नाहीं. २०२२ सालीं ७६,७५५ रुग्णांच्या तपासणींतून या विकाराशीं निगडित अशा २८७ जागा गुणसूत्रांवर सांपडल्या, आणि त्यांतील बहुतेकींचा वांटा अत्यल्प आहे.

जुळ्या भावांचें रक्त एकच असलें, तरी एकाला विकार जडल्यास निम्म्या किंवा त्याहून अधिक जोड्यांत दुसरा त्यापासून सुटतो. आईबापांपैकीं एकाला तो असला, तरी शंभरांतील सुमारें नव्वद मुलांना तो होत नाहीं. आणि बहुसंख्य रुग्णांच्या आईबाप-भावंडांत दुसरा असा रुग्ण नसतोच.