शुद्धिहरणातील जागृती

सार्वदेहिक शुद्धिहरण (संपूर्ण भूल) केलेले असताना शस्त्रक्रियेच्या वेळी रोग्याला शुद्ध येणे आणि त्या वेळचे बोलणे, स्पर्श वा वेदना त्याला मागाहून आठवणे, ह्यास शुद्धिहरणातील जागृती म्हणतात. ही आपत्ती विरळ असली, तरी तिचा मानसिक आघात वर्षानुवर्षे टिकू शकतो.

विल्यम मॉर्टन ह्यांनी १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बॉस्टन येथे ईथराचा जाहीर प्रयोग केला. त्यानंतर सुमारे शतकभर भुलीची खोली शारीरिक लक्षणांवरूनच ओळखली जाई. श्वसन, नेत्रगोलांची हालचाल, बाहुल्यांचा आकार इत्यादींवरून आर्थर ग्युडेल ह्यांनी १९२० मध्ये तिच्या अवस्था वर्णिल्या. भूल उणी पडल्यास रोगी बहुधा हातपाय हलवी.

ही सूचना स्नायुशिथिलकांनी हिरावून घेतली. २३ जानेवारी १९४२ रोजी माँट्रिऑल येथे हॅरल्ड ग्रिफिथ व एनिड जॉन्सन ह्यांनी शस्त्रक्रियेत क्युरारे ह्या दक्षिण अमेरिकी बाणविषाच्या अर्काचा उपयोग केला. स्नायू सैल पडत असल्यामुळे पुढे हलकी भूलही पुरू लागली; परंतु क्युरारेने शुद्ध हरपत नाही. १९४७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात अमेरिकेत स्कॉट स्मिथ ह्यांनी कृत्रिम श्वसनाच्या आधारे स्वतःचे सर्व स्नायू लुळे करवून घेतले. त्यांचे भान अखेरपर्यंत शाबूत होते. जागा झालेला रोगी आता ते कळवूही शकत नव्हता. ह्यावर मायकेल टन्स्टॉल ह्यांनी १९७७ मध्ये साधी पण मार्मिक युक्ती सुचविली : स्नायुशिथिलक देण्यापूर्वी एका हाताचे रक्ताभिसरण पट्ट्याने थांबवावयाचे आणि मग त्या हाताने बोट दाबण्यास रोग्याला सांगावयाचे. ह्या रीतीने प्रतिसाद देणाऱ्या अनेकांना नंतर काहीच आठवत नाही.

मेंदूलाच विचारण्याची कल्पना त्याहून जुनी आहे. हान्स बेर्गर ह्यांनी मानवी मेंदूच्या विद्युत् लहरींचे आलेखन १९२९ मध्ये प्रसिद्ध केले. भूल चढताना ह्या लहरी सामान्यतः मंद व मोठ्या होतात. तथापि शस्त्रक्रियागृहात त्या वाचणे किचकट असल्याने त्यांचे शून्य ते शंभर अशा एका अंकात रूपांतर करणारे बायस्पेक्ट्रल निर्देशांक हे उपकरण पुढे आले व १९९६ मध्ये त्यास अमेरिकेत मान्यता मिळाली. चाळीस ते साठ हा अंक योग्य भुलीचा मानतात.

त्याच्या उपयुक्ततेविषयीचे पुरावे मात्र एकमुखी नाहीत. जागृतीचा धोका अधिक असलेल्या २,४६३ रोग्यांच्या २००४ मधील चाचणीत नेहमीच्या पद्धतीत ११ जण, तर उपकरणाच्या साहाय्याने दोघेच जागृत आढळले. उलट २०११ मधील सुमारे ६,००० रोग्यांच्या चाचणीत उपकरणाच्या गटात ७ आणि उच्छ्‌वासातील शुद्धिहारक वायूचे प्रमाण मोजून इशारा देणाऱ्या पद्धतीत २ रोगी निश्चितपणे जागृत आढळले. तुलना कशाशी केली, ह्यावर निष्कर्ष बराच अवलंबून राहतो. शिवाय कपाळाच्या स्नायूंची विद्युत् क्रियाही ह्या अंकात मिसळते. जाग्या स्वयंसेवकांना केवळ स्नायुशिथिलक दिले असता तो साठाखाली उतरल्याचे २०१५ मध्ये दिसून आले.

ब्रिटन व आयर्लंडमधील २०१४ च्या पाहणीत रोग्यांनी स्वतः सांगितलेल्या जागृतीचे प्रमाण १९,६०० शुद्धिहरणांत एक असे आढळले. स्नायुशिथिलक वापरल्यास ते सुमारे ८,२०० मध्ये एक, न वापरल्यास सुमारे १,३६,००० मध्ये एक होते. केवळ शिरेतून भूल दिली असता मोजण्याजोगा वायूच नसतो. म्हणून अशा भुलीसोबत स्नायुशिथिलक वापरताना मेंदूचे विद्युत् निरीक्षण करावे, अशी शिफारस ब्रिटनमधील शुद्धिहरणतज्ञांच्या संघटनांनी २०१८ मध्ये केली.